शिंपुलीचे सात टाके

एक होतं अंगण.
अंगणाच्या कडेला एक अंजिराचं झाड. अजून लहानच. अंगणाच्या मालकीण शेवंताकाकूंच्या डोक्यापर्यंत येईल एवढं.
झाडाला मोठी मोठी पानं. पानांच्या आत एक घरटं.
घरटं कुणाचं? शिंपुलीचं.

शिंपुली म्हणजे शिंपीण पाखरू. एवढीशी. तुमच्या मुठीत मावेल एवढी. पाठ हिरवी, डोकं तांबूस, शेपटी उभी. आणि चोच कशी? सुईसारखी.

शिंपुलीनं तीन पानं जवळ ओढली. पानांच्या कडेला भोकं पाडली. कोळ्याचं जाळं आणलं. सावरीचा कापूस आणला. आणि बसली शिवत.
सुई आत, सुई बाहेर.
सुई आत, सुई बाहेर.
झाली एक झोळी. झोळीत कापूस. कापसात तीन बाळं. डोळे मिटलेली. पिसं नसलेली. चोची मात्र उघड्या.
"भूक," एक म्हणायचं.
"भूक," दुसरं म्हणायचं.
तिसरं नुसतीच चोच उघडायचं.

शिंपुली किडे आणायची. बाळांचा बाबा शिंपा, तोही किडे आणायचा. दिवसभर हेच काम. असं चाललं होतं.

उन्हाळा आला. ऊन तापलं. जमीन तापली.
एक दिवस सकाळी आवाज आला.
टप्.
एक पान गळलं. खाली पडलं.
घरटं हललं. बाळं ओरडली, चीं चीं चीं.

शिंपुली धावत आली. पाहते तर काय? तीन पानांची दोनच राहिली. एक पान बरं होतं. दुसरं मलूल झालं होतं. कडा वाळल्या होत्या. देठ वाकला होता.
"मी शिवते," शिंपुली म्हणाली. तिनं चोच लावली.
कर्र.
पानाची कड मोडली. पापडासारखी.
वाळलेलं पान शिवता येत नाही. शिवायला गेलं की मोडतं.

शिंपुलीच्या छातीत झालं धक धक, धक धक.
तिनं टाके मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. सात टाके उरले होते. सात टाक्यांवर तीन बाळं.

"शिंपा, तू इथं थांब," ती म्हणाली. "बाळांपाशी बस. टाके मोजत राहा."
"आणि तू?"
"मी मदत आणते."

फुर्र टुण्, फुर्र टुण्. शिंपुली निघाली.

शिंपुली गेली झाडाकडे. म्हणजे फार लांब नाही. घरट्यावरून खोडावर.
"अंजीरदादा, अंजीरदादा, पान धरून ठेवशील? पान घरटं पेलेना, माझी बाळं पडतील."

अंजीर मान खाली घालून उभा होता.
"नाही गं बाई," तो म्हणाला. "कसं धरू? माझी मुळं कोरडी. घोटभर पाणी नाही. काल तीन पानं सुटली. आज एक सुटलं. माती पाणी देईल, तर मी पान धरीन."

शिंपुलीनं वर पाहिलं.
"शिंपा, शिंपा, टाके किती?"
"सात."
"बरं. सातच आहेत ना? मी आले."

फुर्र टुण्, फुर्र टुण्. शिंपुली गेली मातीकडे.
झाडाखाली माती होती. उघडी. बोडकी. तिच्यावर गवताची काडी नाही, पानाचा तुकडा नाही. शिंपुलीनं पाय ठेवला आणि उचलला. चटका बसला.

"मातीमाय, मातीमाय, मुळांना पाणी देशील? अंजीर पान धरेना, पान घरटं पेलेना, माझी बाळं पडतील."

मातीला भेगा पडल्या होत्या. ती भेगांतून बोलली.
"नाही गं बाई. माझ्याकडे कुठलं पाणी? शेवंताकाकू रोज तांदूळ धुतलेलं पाणी ओततात. पण मी झालेय टणक. पाणी आत येतच नाही. वरच्यावर घरंगळतं आणि गटारात जातं. गांडूळ मला पोखरील, तर मी पाणी देईन."

"शिंपा, शिंपा, टाके किती?"
"सहा. आत्ताच एक सुटला."
धक धक, धक धक.

फुर्र टुण्, फुर्र टुण्. शिंपुली गेली गांडुळाकडे.
गांडूळ कुठे राहतो? खाली, खाली, खाली. शिंपुलीनं एका भेगेत चोच घातली. आत अंधार होता.

"गांडूळबुवा, गांडूळबुवा, माती पोखरशील? माती पाणी देईना, अंजीर पान धरेना, पान घरटं पेलेना, माझी बाळं पडतील."

 मग खालून बारीक आवाज आला.
"आधी सांग, तू मला खाणार नाहीस ना?"
"नाही खाणार."
"नक्की?"
"नक्की. मी छोटे किडे खाते. तू माझ्याहून लांब आहेस."
गांडूळ थोडा विचारात पडला.
"तरी नाही गं बाई. वर तवा तापलाय. मी आलो तर सुकून सुतळी होईन. पाचोळा मातीवर पसरेल, गार सावली करील, तर मी पोखरीन."
आणि तो परत गेला. खाली, खाली, खाली.

"शिंपा, शिंपा, टाके किती?"
"पाच."
"बाळं काय करतायत?"
"रडतायत. भूक लागलीय."
शिंपुलीला परत फिरावंसं वाटलं. तिनं एक पंख घरट्याकडे वळवला. पण मग टाके कोण थांबवणार? तिनं पंख सरळ केला.
"तू एक किडा भरव. लांब जाऊ नकोस. मी आले."

फुर्र टुण्, फुर्र टुण्. शिंपुली गेली पाचोळ्याकडे.
अंगणाच्या दुसऱ्या टोकाला भिंत होती. भिंतीशी पाचोळ्याचा ढीग होता. वाळलेली पानं, पानांवर पानं. सळ सळ, सळ सळ.

"पाचोळाभाऊ, पाचोळाभाऊ, मातीवर पसरशील? गांडूळ माती पोखरेना, माती पाणी देईना, अंजीर पान धरेना, पान घरटं पेलेना, माझी बाळं पडतील."

पाचोळा सळसळला.
"नाही गं बाई. मला पाय नाहीत. मला पंख नाहीत. मी त्याच झाडाचा, पण मी आपला आपण जाऊ कसा? रोज सकाळी मला झाडून इथं आणतात. खराटा मला तिकडे ओढील, तर मी मातीवर पसरीन. आणि लवकर कर."
"का?"
"आज मला जाळणार आहेत."

शिंपुलीनं पाहिलं. ढिगाजवळ एक दगड होता. दगडावर काडेपेटी ठेवली होती.
"शिंपा, शिंपा, टाके किती?"
"चार," लांबून शिंपा ओरडला. "एका अंगानं कललंय. मी खालून डोकं लावलंय."
धक धक, धक धक.

फुर्र टुण्, फुर्र टुण्. शिंपुली गेली खराट्याकडे.
खराटा भिंतीला टेकून उभा होता. डोकं खाली, दांडा वर.

"खराटेराव, खराटेराव, पाचोळा ओढशील? पाचोळा मातीवर पसरेना, गांडूळ माती पोखरेना, माती पाणी देईना, अंजीर पान धरेना, पान घरटं पेलेना, माझी बाळं पडतील."

खराटा म्हणाला, "नाही गं बाई. मी झाडाखालचं काढतो. झाडाखाली टाकत नाही. आजवर कधी टाकलं नाही."
"आज एकदा टाक."
"मी कोण टाकणारा? मी आपला कोपऱ्यात उभा. कुणी उचललं तर चालतो. शेवंताकाकू मला हातात घेतील, उलट्या बाजूला चालतील, तर मी पाचोळा ओढीन."

"शिंपा, शिंपा, टाके किती?"
"तीन."
"मोजलेस नीट?"
"दोनदा मोजले. तीनच."

फुर्र टुण्, फुर्र टुण्. शिंपुली गेली शेवंताकाकूंकडे.
शेवंताकाकू मागच्या दारातून बाहेर येत होत्या. पदर खोचलेला. त्या ढिगाकडे गेल्या. दगडावरची काडेपेटी उचलली. काडी ओढली.
खस्स.
वारा आला, काडी विझली.
"पडू दे वारा," काकू म्हणाल्या. "मग बघते."

शिंपुली भिंतीवर बसली. माणसाच्या इतक्या जवळ ती कधी बसली नव्हती. 

"शेवंताकाकू, शेवंताकाकू, खराटा हातात घ्याल? खराटा पाचोळा ओढेना, पाचोळा मातीवर पसरेना, गांडूळ माती पोखरेना, माती पाणी देईना, अंजीर पान धरेना, पान घरटं पेलेना, माझी बाळं पडतील."

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. त्या काही वाईट नव्हत्या.
"नाही गं बाई," त्या म्हणाल्या. "पाचोळ्यात विंचू असतो. गेल्या वर्षी मी असाच पाचोळा उचलला आणि इथं, या बोटाला डसला. हात कोपरापर्यंत सुजला होता. तेव्हापासून मी पाचोळा ठेवत नाही. झाडते आणि जाळते."
"विंचू नसेल तर?"
"नाही हे कोण सांगणार? कोंबडी पाचोळा उकरील, विंचू असेल तर टिपील, तर मी खराटा घेईन. पण वारा पडेपर्यंतच थांबेन हो. मला भाकऱ्या टाकायच्यात."

खस्स. दुसरी काडी. तीही विझली.

"शिंपा, शिंपा, टाके किती?"
"दोन. लवकर ये."
धक धक, धक धक.

फुर्र टुण्, फुर्र टुण्. शिंपुली गेली कोंबडीकडे.
कोंबडी कुठे होती? पायरीच्या आडोशाला. पंख पसरून बसली होती. पंखांखालून इवले इवले पाय दिसत होते. दोन, चार, सहा, आठ, दहा पाय.

"कोंबडीताई, कोंबडीताई, पाचोळा उकरशील? काकू खराटा घेईनात, खराटा पाचोळा ओढेना, पाचोळा मातीवर पसरेना, गांडूळ माती पोखरेना, माती पाणी देईना, अंजीर पान धरेना, पान घरटं पेलेना, माझी बाळं पडतील."

"हळू बोल," कोंबडी म्हणाली. "वर बघ."
शिंपुलीनं वर पाहिलं.
रस्त्यापलीकडे विजेचा खांब होता. खांबावर घार बसली होती. मोठी. तपकिरी. चोच वाकडी. ती खाली अंगणातच बघत होती.
"नाही गं बाई," कोंबडी म्हणाली. "उकरायला मला आवडतं. पण मी उठले की माझी पिल्लं उघडी पडतील. पाच आहेत. घार इथून जाईल, तर मी पाचोळा उकरीन."
"घारीला कोण सांगणार?"
 कोंबडीनं पंख आणखी घट्ट केले.

"शिंपा, शिंपा, टाके किती?"
शिंपानं पुन्हा मोजलं.
"शिंपा?"
"एक," शिंपा म्हणाला. "एकच उरलाय."

एक टाका. एका टाक्यावर तीन बाळं.

शिंपुली अंगणावरून जाणाऱ्या विजेच्या तारेवर बसली. खांबावर घार. मध्ये रस्ता.
शिंपुलीला घारीची भीती वाटायची. सगळ्यांनाच वाटते. चिमणी भिते, खार भिते, कोंबडी भिते. शिंपुली तर मुठीएवढी. घारीच्या एका नखाएवढा तिचा पाय.
तिला वाटलं, जाऊ नये.
मग तिला वाटलं, एकच टाका.

फुर्र.
टुण्.
फुर्र.
टुण्.
या वेळी हळू हळू. शिंपुली गेली घारीकडे. खांबावर बसली. अगदी कडेला.

घारीनं मान वळवली. एक तपकिरी डोळा शिंपुलीकडे लागला.
"काय गं?"
 शिंपुलीनं चोच उघडली, मिटली. पुन्हा उघडली.

"घारबाई, घारबाई, इथून जाशील? कोंबडी पाचोळा उकरेना, काकू खराटा घेईनात, खराटा पाचोळा ओढेना, पाचोळा मातीवर पसरेना, गांडूळ माती पोखरेना, माती पाणी देईना, अंजीर पान धरेना, पान घरटं पेलेना, माझी बाळं पडतील."

एका दमात म्हणाली. एकही शब्द चुकली नाही. मग डोळे घट्ट मिटून बसली.

 तार हलत होती, गुं गुं गुं.
"कुठलं झाड म्हणालीस?"
"अंजीर. ते छोटं. कडेचं."
"वाळतंय?"
"हो."
घारीनं झाडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.
"माझं घरटं चिंचेवर होतं," ती म्हणाली. "या खांबाच्या मागे मोठी चिंच होती. गेल्या साली तोडली. घरटं पडलं."
शिंपुलीनं डोळे उघडले.
"मग?"
"मग काही नाही. आता खांबावर बसते."

घारीनं पंख उघडले. केवढे मोठे. शिंपुलीवर सावली पडली. शिंपुली अंग चोरून बसली.
"मी नदीवर जाते," घार म्हणाली. "मासे बघते. तू तुझ्या बाळांकडे जा."
आणि घार उडाली. भर्रर्र. वर गेली, लांब गेली, नदीकडे गेली. ठिपक्याएवढी झाली. दिसेनाशी झाली.

घार गेली.

आणि त्याच वेळी वारा पडला.
खस्स. शेवंताकाकूंनी तिसरी काडी ओढली. काडी पेटली. विझली नाही. काकू वाकल्या.

"कोंबडीताई, घार गेली," शिंपुली वरूनच ओरडली.
कोंबडी उठली. पक पक पक पक, धावत सुटली. मागून पाच पिल्लं, चिक चिक चिक चिक चिक. कोंबडी ढिगाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.
"अगं सरक," काकू म्हणाल्या. "भाजशील."
कोंबडी सरकली नाही.
काडी जळत आली. काकूंच्या बोटाला धग लागली. काकूंनी फू केलं. काडी विझली.

मग कोंबडीनं पाचोळा उकरला. खर्र खर्र. डावा पाय, उजवा पाय. खर्र खर्र. पानं उडाली. पिल्लांच्या अंगावर पडली. ढिगाच्या तळातून काळं काहीतरी पळालं. नांगी वर करून पळालं.
"तोच," काकू म्हणाल्या आणि दोन पावलं मागे गेल्या.
टोच. टोच. गट्ट.
कोंबडीनं पुन्हा उकरलं. पुन्हा पाहिलं. या कडेला, त्या कडेला. आणखी विंचू नव्हता.
"झालं?" काकूंनी विचारलं.
"पक," कोंबडी म्हणाली. म्हणजे झालं.

"बरं बाई," काकू म्हणाल्या. "मग माझं काही म्हणणं नाही." त्यांनी काडेपेटी कमरेला खोचली. काकूंनी खराटा घेतला.

खराट्यानं पाचोळा ओढला. खरर्र खरर्र, खरर्र खरर्र. रोजच्या उलट बाजूला. भिंतीकडून झाडाकडे. खराट्याला आधी जरा चुकल्यासारखं वाटलं. मग नाही वाटलं.

पाचोळा मातीवर पसरला. झाडाभोवती गोल गोल. काकूंनी खोडाजवळची पानं हातानं बाजूला सारली.
"खोडाला चिकटून नको," त्या म्हणाल्या. "खोड कुजतं. जरा अंतर ठेवावं."
माती झाकली गेली. मातीला गार वाटलं. हुश्श.

मग काकूंनी तांदूळ धुतलेलं पाणी आणलं. पांढरं पांढरं पाणी. पाचोळ्यावर शिंपडलं. पाणी घरंगळलं नाही. पाचोळ्यानं ते धरून ठेवलं. थेंब थेंब, थेंब थेंब.

गांडुळाला खाली गार लागलं. त्यानं वर डोकं काढलं. अंधार होता, ओल होती. चाखून पाहिलं. पाचोळा गोड लागला.
गांडुळानं माती पोखरली. वर, खाली, आडवं, तिडवं. मातीत बोगदे झाले. बारीक बारीक, शेवयांसारखे.

हे सगळं एका घटकेत झालं का? नाही झालं.
दिवस मावळला. टाका एकच होता. एका बाजूनं शिंपानं पान चोचीत धरलं. दुसऱ्या बाजूनं शिंपुलीनं धरलं. दोघंही बोलली नाहीत. बोललं तर चोच उघडेल. चोच उघडली तर पान सुटेल.
उजाडलं. टाका एकच होता. काकूंनी पुन्हा पाणी घातलं. दोघं आळीपाळीनं किडे आणत. एक जाई, एक धरी. एक जाई, एक धरी. दिवसभर.
पुन्हा मावळलं. पुन्हा उजाडलं.

आणि मग मातीत पाणी मुरलं. बोगद्यांतून आत गेलं. गुट गुट गुट. मातीनं पाणी दिलं.
मुळांनी पाणी ओढलं. खोडात चढलं, फांदीत चढलं, देठात चढलं. अंजिरानं पान धरलं.
वाकलेला देठ जरा उठला. आणखी जरा उठला. पानाच्या कडा वाळलेल्याच राहिल्या, त्या काही परत येत नाहीत. पण मधलं पान हिरवं झालं. मऊ झालं. पानानं घरटं पेललं.

शिंपुलीनं चोच उघडली. पान पडलं नाही.
शिंपानं चोच उघडली. पान पडलं नाही.
शिंपुली तरी तिथंच बसली. थोडा वेळ पाहत राहिली. मग उडाली आणि कोळ्याचं जाळं घेऊन आली. चोच लावली.
कर्र झालं नाही.
सुई आत, सुई बाहेर.
सुई आत, सुई बाहेर.
"शिंपा, शिंपा, टाके किती?"
"दोन."
सुई आत, सुई बाहेर.
"आता किती?"
"तीन."
चार झाले. पाच झाले. सहा झाले.
"सात," शिंपा म्हणाला. "बस झाले."
"आणखी एक घालते," शिंपुली म्हणाली. आणि तिनं आठवा घातला.

घार गेली, कोंबडीनं पाचोळा उकरला, काकूंनी खराटा घेतला, खराट्यानं पाचोळा ओढला, पाचोळा मातीवर पसरला, गांडुळानं माती पोखरली, मातीनं पाणी दिलं, अंजिरानं पान धरलं, पानानं घरटं पेललं, आणि बाळं पडली नाहीत.

बाळं मोठी झाली. डोळे उघडले. पिसं आली. एक दिवस सकाळी ती घरट्याच्या काठावर येऊन बसली. तिघं, ओळीनं.
पहिलं उडालं. भुर्र.
दुसरं उडालं. भुर्र.
तिसरं थांबलं. त्यानं खाली पाहिलं. वर पाहिलं. आईकडे पाहिलं.
शिंपुली समोरच्या फांदीवर होती. छातीत धक धक, धक धक.  पण तिनं घाई केली नाही. नुसती बसून राहिली.
तिसऱ्यानं एक पंख उघडला. मिटला. दोन्ही उघडले.
भुर्र.
वेडंवाकडं उडालं, एकदा खाली गेलं, एकदा वर आलं, आणि आईच्या शेजारी येऊन बसलं. चिकटून.

"भूक," ते म्हणालं.
ते पहिल्यांदाच बोललं.

शिंपानं किडा आणला. शिंपुलीनं मान पंखात घातली आणि भर सकाळी गाढ झोपली. किती दिवसांची झोप राहिली होती.

गोष्ट फांदीवर टेकली.
आता तुम्ही उशीवर टेका.